दाखला आहे का?

चेतना दामलेच्या पायाला भिंगरी आहे असं तिची आई सुमित्राबाई म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. पोळी ताटात पडली की चेतना उठून खिडकीशी, चहा गाळला की ती जिन्यात फोनवर. गाझियाबादच्या वैशाली भागातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिला एका जागी पाच मिनिटं बसलेली शेजाऱ्यांनीही पाहिलेली नाही. वय त्रेचाळीस. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर वेळच मिळाला नाही म्हणते, आणि ते अगदीच खोटं नसावं.

तिचं काम भांडण्याचं. लक्ष्मीनगरला एका छोट्या संस्थेत ती अकरा वर्षं नोकरी करते. शाळेबाहेर राहिलेली मुलं शोधायची, मोजायची, आणि त्यांना शाळेत घ्या म्हणून अधिकाऱ्यांच्या दारात ठाण मांडायचं. नेपाळमध्ये अशी मुलं किती, केनियात किती, हापूड रस्त्याच्या वीटभट्ट्यांवर किती, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगेल. शिक्षण खात्यातले लोक तिला लांबून बघितलं की फोन कानाला लावतात. खोल्यांत बसून मुलांविषयी बोलणाऱ्यांना ती उंटावरून शेळ्या हाकणारे म्हणते, त्यांच्या तोंडावर म्हणते, आणि म्हणून तिला बढती मिळत नाही.

तर या चेतनाच्या हातून एक शून्य घडलं होतं, आणि त्या शून्याचा तिला फार अभिमान होता.

पावणेदोन वर्षांपूर्वी, जानेवारीच्या धुक्यात, तिच्या संस्थेने जुन्या गाझियाबादचा एक वॉर्ड घरोघर फिरून पिंजून काढला. शाळेत न जाणारी त्रेसष्ट मुलं सापडली. त्या त्रेसष्ट जणांच्या मागे लागून, आधार कार्डं काढून, मुख्याध्यापकांशी हुज्जत घालून एकेकाचं नाव शाळेत घालण्यात दीड वर्ष गेलं. शेवटी वॉर्डाच्या कागदावर शाळाबाह्य मुलांच्या रकान्यात शून्य आलं. आता चौदा ऑक्टोबरला दिल्लीत मोठी परिषद भरणार होती, कुठकुठल्या देशांतून मुलांच्या शिक्षणासाठी झगडणारी माणसं येणार होती, आणि चेतना त्यांच्यासमोर उभी राहून हे शून्य कसं आलं ते सांगणार होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला व्यासपीठावर खुर्ची होती. सुमित्राबाईंनी त्यासाठी पेटीतली नारायणपेठ काढून ठेवली होती.

सोमवारी, सहा तारखेला, चेतना त्या वॉर्डात फोटो काढायला गेली. तिच्या डोक्यात एक चित्र होतं: सकाळचे अकरा, गल्ली रिकामी, कारण सगळी मुलं शाळेत. रिकाम्या गल्लीचा फोटो पडद्यावर दाखवायचा आणि म्हणायचं, बघा, इथे कुणी नाही. कल्पना तिला स्वतःलाच इतकी आवडली होती की मेट्रोत ती दोनदा हसली.

गल्ली तिने मुद्दाम निवडलेली होती. सराफा बाजाराच्या मागे सांगली जिल्ह्यातल्या, आटपाडीकडच्या गलाईवाल्यांची एकोणीस घरं आहेत. सोनारांच्या दुकानांतली झाडलोट विकत घ्यायची, भट्टीत जाळायची, आणि त्या राखेतून सोन्याचांदीचा कण वेगळा काढायचा, हा त्यांचा धंदा. सर्वेच्या वेळी ही घरं चेतनाने दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. आपली माणसं, आपली भाषा, मीच जाते, असं म्हणून ती एकाच दुपारी एकोणीस घरं करून आली होती.

गल्ली रिकामी नव्हती. एका पायरीवर बारातेरा वर्षांची मुलगी मोठी चाळणी घेऊन राख चाळत बसली होती.

"अच्छा, आज शाळेला सुट्टी मारली का?" चेतनाने हसून विचारलं.

"कुठली शाळा?" मुलगी म्हणाली. उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरंच कळलं नव्हतं.

आवाज ऐकून तिची आई द्वारका बाहेर आली. तिने चेतनाला लगेच ओळखलं. "सर्वेवाल्या ताई ना? या की आत. अक्षये, ऊठ, ताईंना जागा दे."

चेतना बसली नाही. "द्वारकाबाई, अक्षया शाळेत का नाही गेली?"

"कुठल्या शाळंत जाणार?"

"म्हणजे? मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं ना, हिचा दाखला आहे का म्हणून? तुम्ही हो म्हणाला होतात."

"हाय की दाखला."

द्वारका आत गेली आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. तिच्यात आणखी एक पिशवी, तिच्यात रेशन कार्ड, लसीचं कार्ड, आणि सगळ्यांत खाली जाड प्लास्टिकमध्ये बंद करून घेतलेला एक कागद. तिने तो दोन्ही हातांनी पुढे केला. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. खाली ठळक अक्षरांत, शाळा सोडल्याचा दाखला. इयत्ता चौथी उत्तीर्ण. वर्तणूक चांगली. प्रगती चांगली.

"हा तर टीसी आहे," चेतना म्हणाली. "पण दाखला?"

"ह्योच की दाखला," द्वारका म्हणाली, आणि शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये याचं तिला जरा नवलच वाटलं.

चेतनाला घोटाळा उमगला. दिल्लीत जन्मलेली, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली ही बाई. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. आणि हिंदीत दाखिला म्हणजे शाळेत प्रवेश. तो शब्द दाखला होऊन दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या बोलण्यात कधी घुसला ते कुणालाच ठाऊक नाही. भावाच्या चिन्मयला कॉलेजात दाखला मिळाला, असं तिच्या घरात सर्रास म्हणतात आणि पेढे वाटतात. जानेवारीच्या त्या दुपारी तिने एकोणीस दारांत उभं राहून आपल्या परीने शुद्ध मराठीत विचारलं होतं, मुलांचा दाखला आहे का? आणि ज्यांनी गाव सोडताना कागदपत्रं जिवापाड जपून आणली होती, त्या बायकांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, हाय की.

"तुम्ही तवा बगितलाच न्हाई," द्वारका सांगत होती. "मी आत काढायला गेले, तर तुम्ही म्हणला, राहू द्या, विश्वास आहे. लिहून नेलं तुम्ही. मग आम्ही वाट बगत हुतो, शाळंचं बोलावणं यील म्हणून."

"पावणेदोन वर्षं?"

"सरकारी काम. येळ लागतोच की."

रागावली असती तर बरं झालं असतं, असं चेतनाला वाटलं. तिने कागद पुन्हा हातात घेतला. जन्मतारीख अंकांत होती आणि अक्षरांतही होती: अकरा ऑक्टोबर. येत्या शनिवारी अक्षयाला चौदा वर्षं पूर्ण होणार होती.

हा चौदाचा आकडा चेतनाच्या हाडीमाशी खिळलेला. चौदा पूर्ण होण्याआधी शाळेत नाव लागलं तर आठवीपर्यंतचं शिक्षण फुकट आणि हक्काचं, मग वय पुढे गेलं तरी कुणी बाहेर काढू शकत नाही. पण नाव नसताना चौदा उलटले की हक्क संपला. पुढे कुणाला दया आली तरच. कायद्याचं हे कलम तिने किती अधिकाऱ्यांच्या टेबलावर बोट आपटून वाचून दाखवलं असेल. आता मध्ये पाच दिवस होते, आणि त्यातला मंगळवार वाल्मीकी जयंतीच्या सुट्टीत गेला.

सुट्टीचा तो दिवस चेतनाने घरात येरझारा घालण्यात काढला. सुमित्राबाई मूळच्या कराडच्या. लग्न होऊन दिल्लीत आल्याला पंचेचाळीस वर्षं झाली तरी त्यांची मराठी जशीच्या तशी. लेकीची हकिगत ऐकून त्यांना आधी हसू आलं, आणि मग तिचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं.

"दाखला म्हणजे दाखवायचा कागद गं. जन्माचा, जातीचा, उत्पन्नाचा. शाळेत घालायचं त्याला नाव घालणं म्हणतात."

"सगळेच तर बोलतात ना असं, यार आई."

"सगळे नाही. तू बोलतेस, तुझा भाऊ बोलतो. मी सांगायचं सोडलं, कारण पालथ्या घड्यावर पाणी." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आपल्या पहाडगंजच्या शाळेत घाल तिला. मराठी तरी कानावर पडेल."

"जुन्या गाझियाबादहून पहाडगंज, आई? रिक्षा, मेट्रो, परत चालणं. जाऊन येऊन तीन तास. कोण सोडणार रोज? आणि आत्ता सहा महिने उलटल्यावर कोण घेणार? घराशेजारच्या सरकारी शाळेला नाही म्हणता येत नाही. तिथेच घालायचं."

तिने सर्वेचं बाड काढलं. एकोणीस घरं, एकोणीस निळ्या खुणा, खाली तिची सही. अक्षर सुरेख होतं. दुसऱ्यांच्या फॉर्मवर ती लाल शाईने शेरे मारायची, नीट विचारा, स्वतः खात्री करा. आपल्या फॉर्मवर शेरा मारणारं कुणी नव्हतं. ती गच्चीवर गेली, खाली आली, पुन्हा गेली. सुमित्राबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली आणि तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं.

बुधवारी ती द्वारका आणि अक्षयाला घेऊन गल्लीजवळच्या सरकारी शाळेत गेली. मुख्याध्यापिका वाईट बाई नव्हती. दोनशेवर मुलं, तीन शिक्षक, आणि त्यातला एक कायम कुठल्यातरी याद्या करायला गेलेला. एवढ्यात माणूस जितका सौजन्याने बोलू शकतो तितकं ती बोलत होती. तिने वॉर्डाच्या सर्वेची यादी उघडली, अक्षयाचं नाव शोधलं आणि कागद चेतनाकडे फिरवला.

"मैडम, ये बच्ची तो पहले से नामांकित है। और नीचे दस्तखत आपके हैं।"

चेतनाने चूक सांगितली. दाखला आणि दाखिला हा घोटाळा मुख्याध्यापिकेला समजावताना तिला घाम फुटला. बाईला गंमत वाटली, पण कागद तो कागद. एकदा शाळेत असलेली मुलगी दुसऱ्यांदा घेतली असं दिसलं तर जाब तिला विचारणार. तिला संस्थेच्या शिक्क्याचं दुरुस्तीपत्र हवं होतं, आणि त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्याची सही. तेही उद्या तीनच्या आत. परवा करवा चौथ, तिची रजा. मग शनिवार, त्या दिवशी ती प्रशिक्षणाला जाणार.

"सोमवार को आ जाइए," ती म्हणाली.

"सोमवारपर्यंत हिला चौदा पूर्ण झालेले असतील," चेतना मराठीतच म्हणाली, आणि मग तिने ते हिंदीत सांगितलं. मुख्याध्यापिकेने अक्षयाकडे पाहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं. "तो फिर कल तीन बजे," ती म्हणाली.

शिक्का दिलीप सरदेशमुखांच्या खणात असतो. संस्था त्यांची. परभणीहून ते पंचवीस वर्षांपूर्वी कलेक्टर व्हायला दिल्लीत आले, परीक्षेचे सगळे प्रयत्न संपले, आणि परत जायला तोंड नाही म्हणून इथेच राहून त्यांनी हे काम सुरू केलं. माणूस मनाने सरळ. पण या परिषदेसाठी त्यांनी तीन वर्षं खेटे घातले होते, आणि गुरुवारी सकाळी नऊला चेतना त्यांच्यापुढे उभी राहिली तेव्हा त्यांच्या टेबलावर छापून आलेली पुस्तिका होती. मुखपृष्ठावर मोठं गोल शून्य.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून डोळे चोळले. "चेतना, चौदा तारखेनंतर करू. बिल्कुल करू. मी स्वतः येतो त्या शाळेत. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे."

"दोन दिवसांचा आहे, दिलीपजी. शनिवारी तिचा हक्क जातो."

"अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी आपलं ऐकायला येतंय. ही पद्धत बाहेरच्या देशांत गेली तर किती मुलांचं भलं होईल, सोच ना जरा. एका मुलीसाठी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांनाही ते ऐकवलं नाही.

"एक म्हणू नका," चेतना म्हणाली. "मला माहीत नाही किती. मी एकोणीस घरांत हाच प्रश्न विचारलाय. या पुस्तिकेतली पद्धत घेऊन ते लोक आपापल्या देशात जातील, आणि तिथेही कुणीतरी असंच दारात उभं राहून भलता शब्द विचारेल."

"मग काय छापू? जवळजवळ शून्य?"

तिने दुरुस्तीपत्र पुढे सरकवलं. दिलीपजींनी खण उघडला, शिक्का काढला, पत्र न वाचता त्यावर दाबला. चूक सर्वेक्षकाची आहे, असं त्या पत्रात चेतनाने स्वतःच लिहिलं होतं, खाली नावासकट.

"परिषदेला तू येऊ नकोस," ते खाली बघत म्हणाले. "ती गल्ली वगळून मीच बोलेन."

तिला वाईट वाटलं. वाटायलाच हवं, माणूसच ती. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या भाषणांची टिपणं लिहिणाऱ्या बाईला एकदा खुर्ची मिळत होती, तीही आपल्याच हाताने सरकवावी लागली. पण मेट्रोच्या जिन्यावर पोचेपर्यंत ते वाईट वाटणं मागे पडलं, कारण साडेदहा वाजले होते आणि गटशिक्षणाधिकारी साडेअकराला बैठकीला बसतात असं कुणीतरी सांगितलं होतं.

अधिकारी बैठकीला बसले ते अकरालाच. चेतना दाराशी उभी राहिली. कारकुनाने तिला बाकडं दाखवलं, ती बसली नाही. बारा वाजले, एक वाजला. आत चहा गेला, बिस्किटं गेली. सव्वा वाजता द्वारकाचा फोन आला: आम्ही शाळंपाशी येऊन थांबलोय, ताई, ह्यांला दुकानातनं सुट्टी न्हाई, मीच आलीय, चालंल का? चालेल, चेतना म्हणाली. दीड वाजता तिचा धीर सुटला आणि ती दार ढकलून आत गेली. आत सातआठ माणसं बसली होती आणि भिंतीवर शाळाबाह्य मुलांचा तक्ता होता. तिने पत्र अधिकाऱ्यापुढे ठेवलं. तो तिला ओळखत होता. त्याने फोनकडे हात नेला, आणि मग पत्राच्या पहिल्या ओळीवर त्याची नजर पडली.

"आप लिख रही हैं कि गलती आपकी है?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "जी."

या बाईने चूक कबूल केलेली त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी. तो गालात हसला आणि त्याने सही केली. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिथून शाळा तीन किलोमीटर. ई-रिक्षा बाजाराच्या तोंडाशी अडकली ती अडकलीच. उद्याच्या करवा चौथसाठी सगळं गाझियाबाद रस्त्यावर उतरलं होतं. मेंदीवाले स्टूल टाकून बसलेले, बांगड्यांच्या गाड्या, करवे, चाळण्या, आणि मध्येच कुणाची तरी गाडी उलटी वळत होती. चेतना उतरली आणि पळत सुटली. त्रेचाळिसाव्या वर्षी, साडी सावरत, पत्राची फाइल छातीशी धरून. मेंदीच्या ओल्या हातांना धक्का लागला म्हणून दोन बायकांनी तिला शिव्या घातल्या, त्या तिने रास्त म्हणून घेतल्या.

ती पोचली तेव्हा मुख्याध्यापिका पर्स खांद्याला लावून उभी होती. द्वारका आणि अक्षया पायरीवर होत्या. अक्षयाच्या केसांना तेल, दोन वेण्या, अंगावर बहुधा बहिणीचा किंवा मैत्रिणीचा पांढरा कुर्ता. मुख्याध्यापिकेने सही पाहिली, शिक्का पाहिला, उसासा टाकला आणि पर्स पुन्हा टेबलावर ठेवली. रजिस्टरात नाव चढलं. आईचं नाव, बापाचं नाव विलास, जन्मतारीख अकरा ऑक्टोबर. द्वारकाने सही केली. वयाप्रमाणे इयत्ता आठवी.

"आठवी?" अक्षयाने हळूच विचारलं. "मी चौथी पास हाय."

कपाटातून पुस्तकं आली. हिंदीचं, विज्ञानाचं, गणिताचं. अक्षयाने विज्ञानाचं पुस्तक मध्येच उघडलं आणि अक्षरांवरून बोट फिरवत एक ओळ वाचली. वाचता तिला फर्डं येत होतं. अर्थ कळल्याचं चेहऱ्यावर काही दिसेना.

चेतनाने मुख्याध्यापिकेला सांगितलं की मधल्या इयत्ता बुडालेल्या मुलांना वेगळं शिकवून वर आणायचं असतं, तसा नियम आहे. मुख्याध्यापिकेला नियम माहीत होता. "टीचर दिलवा दीजिए," ती म्हणाली, "कल से पढ़वा दूँगी।" त्यात टोमणा नव्हता. तीन वाजून गेले होते, तिला मेंदी काढायला जायचं होतं. चेतनाने शिक्षक मागणारा अर्ज तिथेच उभ्याउभ्या लिहिला आणि पोच घेतली. मग ती म्हणाली, दर शनिवारी दुपारी मी येते, शिक्षक मिळेपर्यंत मीच शिकवते. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की अकरा वर्षांत आपण एकाही मुलाला एक धडा शिकवलेला नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, अशी धास्ती तिला वाटली, पण शब्द दिलेला होता.

तिघी गल्लीकडे निघाल्या. द्वारका पुढे झपाझप चालली होती, नवऱ्याला सांगायला. अक्षया पुस्तकं छातीशी धरून चेतनाच्या बरोबरीने चालत होती. चेतनाला दोन दिवस एक प्रश्न टोचत होता, तो तिने आता विचारला.

"अक्षया, मी त्या दिवशी सर्वेला आले होते तेव्हा तू घरात होतीस?"

"होते की. तुम्हाला पाणी मीच दिलं."

पाणी चेतनाला आठवलं. गार होतं, जानेवारीत गार पाणी प्यावं की नाही असा विचार करून ती दोन घोट प्यायली होती. पेला धरणारा हात काही केल्या आठवेना.

"मग तू का नाही सांगितलंस, मी शाळेत जात नाही म्हणून?"

अक्षयाने पुस्तकं एका कडेवरून दुसरीकडे घेतली. "तुम्ही आईला विचारलं," ती म्हणाली. "मला कुठं विचारलं?"

चेतनाला लाज वाटली. त्या फॉर्मला बत्तीस रकाने होते. घर पक्कं की कच्चं, चूल कसली, मोबाईल किती. त्यातला एकही रकाना मुलाला विचारून भरायचा नव्हता, आणि तो फॉर्म तिनेच तयार केला होता, कौतुक करून घेतलं होतं. तिने फाइलमधून एक कोरा कागद काढला. अजून अठरा घरं होती.

"सुरुचीकडं चला आधी," अक्षया म्हणाली. "तिलापण विचारा. आता नीट विचारा."

सुरुची तिसऱ्या दारात राहायची. ती कणिक मळत होती. हात तसेच घेऊन बाहेर आली. तिची आई मागून काहीतरी सांगायला लागली, तिला चेतनाने हाताने थांबवलं.

"सुरुची, तू रोज सकाळी शाळेत जातेस का?"

"नाही."

"कधीपासून नाही?"

"इथं आल्यापासनं."

"शिकायचंय तुला?"

सुरुचीने अक्षयाच्या हातातल्या पुस्तकांकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली.

"वय काय तुझं?"

"श्रावणात पंधरावं लागलं."

म्हणजे चौदा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. आणि जानेवारीतल्या त्या दुपारी, चेतना याच दारात उभी होती तेव्हा, ही बारा वर्षांची होती. चेतनाने कागदावर तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि पुढे काय लिहायचं ते तिला सुचेना. कणकेचे हात तसेच धरून सुरुची पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी होती.